शामरावांच्या चाकूची धार

माझी मोठी नात श्रावणी लग्न होऊन अमरावतीला गेली, ते दोन हजार तेवीस साल. लग्न मे महिन्यात होतं. मांडवाच्या मागे लाडवांच्या डब्यांचे गठ्ठे सुतळीनं आवळून ठेवले होते आणि हलवायाची माणसं निघून गेली होती. पंगत उठायची वेळ झाली तरी गठ्ठे तसेच. तेव्हा आम्ही तिघांनी खुर्च्या ओढल्या, खिशातले चाकू काढले आणि बसल्या बसल्या सगळ्या सुतळ्या कापून टाकल्या. मी, शामराव आणि शेखर. नवरदेवाचे काका मागे पाणी प्यायला आले होते. तीन माणसं उघडे चाकू घेऊन बसलेली पाहून ते दारातच थांबले.

शामराव त्यांना म्हणाले, "या ना व्याहीबुवा. घाबरू नका. पोट्टी देऊन राहिलो आम्ही, लुटून नाही राहिलो."

त्या दिवशी शामरावांचा उजवा हात नीट चालत होता.

शामराव बोधनकर इथे रायपूरला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. पेन्सिलीला टोक काढायला त्यांच्याजवळ कायम घडीचा चाकू असे. बोटभर पातं, म्हशीच्या शिंगाची काळी मूठ आणि मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ. नोकरीच्या पहिल्या वर्षी राजिमच्या मेळ्यात एका लोहाराकडून घेतलेला. पन्नास वर्षं धार लावून लावून पातं निम्मं झालं होतं. माझा चाकू ट्रकच्या कमानीच्या पोलादाचा, मूठ बिजाच्या लाकडाची. सदर बाजारात कापडाच्या ठोक दुकानात मी अडतीस वर्षं गाठी फोडल्या, त्या याच चाकूनं. तो उघडायला इतका कडक की नवख्याचं नख तुटायचं.

आमची ओळख तेलीबांध्याच्या तळ्यावर झाली. मी बाकावर बसून पेरू कापत होतो. पेरूला इकडे बिही म्हणतात. शामराव फिरता फिरता थांबले आणि बिहीकडे न बघता चाकूकडे बघत म्हणाले, "कमानीचं लोखंड आहे ना हे?" मग त्यांनी आपला काढला. त्या बाकावरच पुढे त्यांनी मला अक्षरं शिकवली. मी छप्पन्न वर्षांचा होतो. ते त्या चाकूनं पेन्सिलीला टोक काढून द्यायचे आणि मी दाबून दाबून ते मोडायचो. "गाठ नाही फोडायची कृष्णा, काना काढायचा आहे," म्हणायचे.

शेखर बराच नंतर आला. तो साताऱ्याकडचा, नवा रायपूरच्या एका ऑफिसात नोकरीला. आमच्या मुलांपेक्षाही लहान. त्याच्या घरी एका पेटीत मखमलीच्या खाचा करून एकतीस चाकू ठेवलेले होते. पण खिशात मात्र आजोबांचा आंब्याची कलमं बांधायचा, वाकड्या पात्याचा. शामराव त्याला सोडत नसत. "एकतीस चाकू जमवले, अन् घरी कांदा बायकोच्या विळीवर कापते हा."

"काका, विळीसमोर कुठलाच चाकू टिकत नाही," शेखर म्हणायचा.

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर भेटायचो. एकदा एका शिपायानं हटकलं. "चाचा, ये क्या रखे हो?" शामराव म्हणाले, "चाकू." "किसलिये?" शामरावांनी बिहीची फोड पात्यावरच त्याच्यापुढे धरली, मीठ लावलेली. त्यानं ती खाल्ली आणि म्हणाला, "ठीक है, पर सबके सामने मत निकाला करो." पुढच्या रविवारी तो स्वतःच आला आणि विचारलं, आज बिही नाही का.

आमचे काही नियम होते. एकानं दुसऱ्याला चाकू हातात द्यायचा नाही. बाकावर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं, हे तर सगळ्या घरी पाळतात. दुसरा नियम आमचाच. खंडेनवमीला तिन्ही चाकू एका पाटावर मांडायचे, झेंडू वाहायचा, त्या दिवशी कोणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी मूळ मालकानं आपला चाकू उचलून नखावर पाहायचा आणि त्यानं पहिली बिही कापायची. नंतर अदलाबदल. मग वर्षभर ज्याच्या त्याच्या खिशात दुसऱ्याचा चाकू. पुढच्या दसऱ्याला परत करताना तो घेतला होता त्याहून धारदार असला पाहिजे. नखावर पाहायचं म्हणजे अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवायची. रुतली तर धार आहे, घसरली तर नाही. दसऱ्याच्या सकाळी तिघेही आपापलं नख पुढे करून बसायचे आणि ज्यानं वर्षभर सांभाळला तो शाळेतल्या पोरासारखा निकालाची वाट पाहायचा.

त्या वर्षी शामरावांचा चाकू माझ्याकडे होता. माझा शेखरकडे आणि शेखरचा शामरावांकडे.

जूनमध्ये शामरावांना झटका आला. उजवी बाजू गेली. पंधरा दिवस दवाखान्यात होते, मग शंकर नगरच्या घरी आले. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जाड. पाय ओढत चालू लागले. हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी दर रविवारी तळ्यावर न जाता त्यांच्याकडे जाऊ लागलो. शेखरही यायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईनं, ममतानं, शेखरचा चाकू कागदात गुंडाळून त्याला परत दिला. "उशीखाली ठेवून राहिले होते," म्हणाली. शेखर म्हणाला, "राहू दे की वहिनी, दसऱ्यापर्यंत त्यांचाच आहे." त्यानं चाकू खिशात टाकला.

शामराव हे पाहत होते. ते म्हणाले, "माझा कृष्णाकडे आहे. तो आणीन."

दर रविवारी निघताना ते मला हेच सांगायचे. दसऱ्याला आण. धार लावून आण. मी हव म्हणायचो.

भाद्रपदातली गोष्ट. मी निघालो तर ममता फाटकापर्यंत आली. तिचं माहेर रायपूरचंच, मराठी समजतं, पण मनातलं बोलायचं असलं की हिंदीवर येते.

"काका, दसऱ्याले तुम्ही बाबांचा चाकू आणून राहिले का?"

"हव. त्यांचाच आहे. द्यावाच लागते."

"मत लाइये काका."

मी थांबलो. ती घराकडे पाठ करून उभी राहिली.

"पिछले महीने दुपारी मी आंघोळीले गेली होती. बाहेर आली तर बाबा किचनमध्ये. डाव्या हातात भाजीचा चाकू. मैंने पूछा, क्या चाहिये बाबा? बोले, संत्रा छीलना है. काका, घर में संत्रा था ही नहीं."

मी घराच्या खिडकीकडे पाहिलं.

"हे पंधरा-पंधरा दिवस टूरवर राहतात. डॉक्टरनं सांगितलं, धारदार काही हाताशी ठेवू नका. मी विळी पण शेजारी ठेवून आली. भाजी तिथे जाऊन चिरते. आता तुम्हीच त्यांच्या हातात चाकू देसान का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग त्यांना काय सांगसान?"

"पाहतो."

घरी आलो. जेवलो. त्या रात्री झोप नेहमीसारखीच लागली, हे मला आठवतं. आपल्याला काही वाटायला पाहिजे होतं, असं फक्त वाटलं.

पुढच्या रविवारी शामराव पलंगावर बसले होते. डाव्या हातात चमचा होता आणि बशीत केळं. केळ्याच्या चकत्या पाडत होते. वाकड्यातिकड्या पडत होत्या. मला पाहून बशी पुढे केली. "खा. उद्या याहून चांगल्या होतीन." मी खाल्ल्या. मला वाटलं, हाताचा व्यायाम असेल, डॉक्टरांनी सांगितला असेल. त्यानंतर तीन रविवार केळ्याच्या चकत्या होत्या. चौथ्या रविवारी बशीत उकडलेला बटाटा होता.

मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं. त्यांच्याशी मी कधीच आडपडदा ठेवला नव्हता. माझी बायको गेली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याचकडे गेलो होतो. पण "शामराव, चाकू तुम्हाला काहून पाहिजे?" हे पाच शब्द मला बोलता आले नाहीत. ममतानं मला विश्वासानं सांगितलं होतं, ते मी फोडू कसं. आणि शामरावांना मी हव म्हटलं होतं, ते मोडू कसं. मी दोघांचंही राखायचा मार्ग शोधला.

दसरा मंगळवारी होता. खंडेनवमी सोमवारी. अष्टमीच्या दुपारी घरात कोणी नव्हतं. मी मागच्या पायरीवर बसलो, दगड भिजवला आणि शामरावांचा चाकू उघडला. वर्षभर दर महिन्याला मी त्याला धार लावली होती. पाठीकडून तिरपा धरायचा, दोन नाण्यांएवढी फट ठेवायची आणि दगडावरून हलक्या हातानं न्यायचा. त्या पात्याला किती दाब चालतो, ते माझ्या बोटांना ठाऊक झालं होतं. वर्तमानपत्राचा कागद त्यावर नुसता सोडला तरी चिरत जायचा.

मी पातं उभं धरलं आणि दगडावर ओढलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा आवाज बदलला. नखावर पाहिलं, घसरलं. काचेवरून घसरावं तसं. एवढंच काम होतं. दोन मिनिटं लागली असतील.

मग पात्याला खोबरेल लावलं, चिंधीनं पुसलं. पितळ चिंचेनं घासलं. चाकू नव्यासारखा लखलखीत दिसू लागला. मी त्याला पाहून म्हणालोही, चांगला दिसून राहिला.

त्या वर्षी पाट माझ्याच घरी मांडला. शेखर संध्याकाळी माझा आणि त्याचा चाकू ठेवून गेला. दसऱ्याला सकाळी आम्ही तिन्ही चाकू आणि अर्धा किलो बिही घेऊन शंकर नगरला गेलो. ममताला मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिनं दोन्ही हात जोडले. तिचे डोळे भरले होते. तेव्हा मला बरं वाटलं असेल. नक्की आठवत नाही.

शामरावांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. दाढी झाली होती. टेबल पलंगाजवळ ओढलं होतं आणि त्यावर पाट, वर्तमानपत्र, मिठाची वाटी, सगळं मांडून ठेवलं होतं.

"ममता, तूपण बस," शामराव म्हणाले. "आज पाह्य."

ती दारात उभी राहिली.

मी त्यांचा चाकू पाटावर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं उचलला. मूठ दातांत धरली, नखानं पातं ओढलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा उघडलं. शेखरनं टाळ्या वाजवल्या. "काका, हे कधी शिकलात?"

"ममता आंघोळीले गेली की चमच्यावर शिकून राहिलो. दात आहेत अजून, अन् माझेच आहेत."

ममतासुद्धा हसली. उजवा हात कामाचा नाही म्हणून नखाची परीक्षा त्यांनी केली नाही. त्यांनी बिही उजव्या मनगटाखाली दाबून धरली, पातं टेकवलं आणि दाबलं. बिही कडक होती. पातं सालीवरून घसरलं आणि पाटावर आपटलं. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं. कपाळावर घाम आला. शेखर पुढे सरकला तसं त्यांनी मानेनं त्याला नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला बिही उडून खाली पडली.

"कृष्णाकाका," शेखर हसत म्हणाला, "धार लावलीत की धार काढलीत? या वर्षी तुम्ही नापास."

शामराव थांबले. मग वाकले आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर पातं टेकवलं. त्या नखाला काही कळणार नव्हतं, पण पातं घसरलेलं डोळ्यांना दिसत होतं. मग पातं खिडकीकडे धरून धारेवरून पाहिलं. बोथट झालेल्या धारेवर उजेडाची बारीक रेघ दिसते. धारदार पात्यावर ती दिसत नाही. हे त्यांनीच मला सांगितलेलं. नुसती वापरून धार गेली असती तर रेघ तुटक दिसली असती. ती टोकापासून मुठीपर्यंत सरळ होती.

त्यांनी आधी ममताकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"कृष्णाचे डोळे गेले आता," ते शेखरला म्हणाले. "मोतीबिंदू काढा म्हटलं तर ऐकत नाही. काय पाहीन अन् काय घासीन तो."

"मग माझा घ्या," शेखर म्हणाला. त्यानं आजोबांचा चाकू पाटावर ठेवला.

"नाही. आज राहू दे. ममता, तू काप आतून."

ती आत गेली. मग तिला आठवलं असावं की घरात कापायला काही नाही. ती शेजारी गेली. आम्ही तिघे बसून राहिलो. शेखर ऑफिसातल्या कोणाच्या बदलीबद्दल बोलत होता. बिहीच्या फोडी बशीतून आल्या, सगळ्या एकसारख्या. आम्ही खाल्ल्या. आपट्याची पानं दिली. शेखरला कुठे जायचं होतं. तो माझा चाकू घेऊन, स्वतःचा मला देऊन गेला. त्यानं विचारलं, "यंदा शामकाकांकडे कुणाचा?" शामराव म्हणाले, "कोणाचाच नाही."

तो गेल्यावर मी म्हणालो, "शामराव."

"काहून केलं?"

"ममतानं सांगितलं होतं."

"तिनं सांगितलं. ती पोरगी घाबरली, तिचं बरोबर आहे. पण दगड तर तूच धरला ना."



ते पाटाकडे पाहत म्हणाले, "त्या दिवशी घरात संत्रं नव्हतं. ते खरं आहे. मले माहीत होतं, नाही आहे म्हणून." श्वास घेतला. "पण आज बिही होती, कृष्णा. महिनाभर केळे कापून राहिलो होतो मी. तू खाल्ले ना ते."

"मी धार लावून आणतो. आजच आणतो."

"नको आणू."

"शामराव, दोन तासांचं काम आहे."

"मले माहीत आहे किती वेळाचं आहे." त्यांनी मुठीची पाठ गुडघ्यावर दाबून पातं मिटवलं आणि चाकू पाटावर ठेवला. माझ्याकडे सरकवला नाही, पाटाच्या मधोमध ठेवला. "उचल. तुझ्याचकडे राहू दे. मले आता विचारायचं नाही."

मी उचलला. घरी येऊन त्याच दुपारी धार लावली. आठवडाभर लावत होतो. कागद सोडला की चिरत होता, पहिल्यासारखा. रविवारी खिशात घालून गेलो. त्यांनी विचारलं नाही आणि मी काढला नाही. नोव्हेंबर, डिसेंबर असंच चाललं. मी जायचो, चहा यायचा, बिस्किटं यायची. त्यांच्या हातात आता चमचा नसायचा. डावा हातही उजव्यासारखा मांडीवर पडलेला असायचा. ते तुटकपणे वागले नाहीत. माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचे. श्रावणीचं कसं आहे विचारायचे. शेखर आला की त्याच्या नव्या चाकूचे फोटो पाहायचे आणि "चांगला आहे" म्हणायचे. एकदा शेखरनं फोटो चुकून उलटा धरला होता, तरी चांगला आहे म्हणाले. पूर्वी त्यांनी त्याला तासभर पिडलं असतं.

ममता एकदा म्हणाली, "काका, बाबा शांत झाले. तुमच्यामुळे." मी हव म्हणालो.

संक्रांतीला मी तिळाच्या वड्या घेऊन गेलो. त्यांनी एक घेतली, एक मला दिली, गोड बोल म्हणाले. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते ध्यानात नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी साडेसातला ममताचा फोन आला. ती हिंदीत बोलत होती. मी रिक्षानं गेलो. शेखर माझ्या आधी पोचला होता. दुसरा झटका होता, डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच. शेखर रडत होता. त्यानं मला धरलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. ममतानं मला विचारलं की बाबांबरोबर काही ठेवायचं आहे का. मी नाही म्हणालो.

शामराव बापूराव बोधनकर सतरा जानेवारी दोन हजार चोवीसला, बुधवारी पहाटे, शंकर नगरच्या राहत्या घरी वारले. वय एकोणऐंशी वर्षं.